हुशार आहे, पण व्यवहार जमत नाही: स्वमग्न मुलामुलींना रोजचं जगणं शिकवताना

एका संध्याकाळी मी लेकाला कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाड्याकडे पाठवलं. "थोडी कोथिंबीर घेऊन ये." तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला म्हणजे बारावीला, गणितात वर्गात पहिला. अर्धा तास झाला तरी आला नाही म्हणून खाली उतरले, तर हा गाड्यासमोर उभा. कोथिंबीर संपली होती. नसेल तर काय करायचं हे मी सांगितलं नव्हतं. आणि असती तरी 'थोडी' म्हणजे किती रुपयांची, हेही सांगितलं नव्हतं. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "कवापासून उभा हाय बघा. काय बोलंना."

तोवर मी धरून चालले होते की एवढी बुद्धी आहे, तर बाकीचं वयाबरोबर येईलच. ते येत नाही, शिकवावं लागतं. गणितासारखंच, पायरीपायरीने, आणि जिथे वापरायचं त्याच जागी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांच्या घरी असं स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं मूल आहे, त्यांच्यासाठी आमच्या घरात उपयोगी पडलेली रीत इथे मांडते. मूल म्हटलं तरी वय बाराही असेल, तीसही असेल. वाचणारा स्वतः स्वमग्न असेल, तर यातलं बरंचसं तो स्वतःचं स्वतः करू शकेल.

मार्क एक मोजतात, जगणं दुसरं

तपासणीचा अहवाल हातात पडला की घरातले बुद्ध्यांकाचा आकडा बघतात आणि सुटकेचा श्वास टाकतात. त्याच अहवालात बहुतेक वेळा दुसरा आकडा असतो, सामाजिक परिपक्वतेचा. त्यासाठी आपल्याकडे अजूनही वापरली जाणारी मोजपट्टी मुळात एडगर डॉल या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या व्हाइनलँड गावच्या संस्थेत १९३५ साली तयार केली. मूल स्वतः कपडे घालतं का, गावात एकटं फिरतं का, पैसे हाताळतं का, असं ती विचारते. येतं का यापेक्षा रोज करतं का, याला तिथे महत्त्व.

बुद्ध्यांक चांगला असलेल्या स्वमग्न माणसांत या दोन आकड्यांमध्ये मोठी दरी असते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. वय वाढतं तशी ती रुंदावतेही, कारण आठ वर्षांच्या मुलाकडून जगाची अपेक्षा कमी असते आणि अठराव्या वर्षी एकदम वाढते. जुन्या अहवालांत 'अ‍ॅस्पर्जर' असं निदान लिहिलेलं असेल तर गोंधळू नका. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत ते नाव ऑटिझमच्या एकाच वर्णपटात विलीन केलं.

दरीची कारणं कळली की चिडचिड निम्मी होते. कामाला सुरुवात करणं, क्रम लावणं, मध्येच बदल झाला तर दुसरी वाट धरणं, हे मेंदूचं व्यवस्थापनाचं काम बुद्धीहून वेगळं असतं. न सांगितलेलं ओळखणं अवघड जातं. आवाज, वास, कपड्याची शिवण यांचा त्रास कितीतरी जास्त होतो. आणि एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. यात आळस कुठेच नाही. 'लाडावून ठेवलंय' हे तर आधी मनातून काढा.

पहिली पायरी: आठ दिवस फक्त बघा

एक वही घ्या, तीन रकाने आखा: स्वतःहून करतो, सांगितल्यावर करतो, मीच करते. आठ दिवस काही सुधारायचं नाही, फक्त लिहायचं. तिसरा रकाना भरताना मला रडू आलं. पाण्याची बाटली भरण्यापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत सगळं माझ्या हाताने चाललं होतं.

मधल्या रकान्यात आणखी खोल जा. काम नेमकं कुठे अडतं? आमच्याकडे आंघोळीला पन्नास मिनिटं लागायची. मी दारावर थापा मारायची. वही लिहू लागल्यावर कळलं की त्याला आंघोळ *संपते* कधी हेच ठाऊक नाही. अंगावरचा साबण गेला की नाही, याची त्याला खात्रीच वाटत नसे. मग ठरवलं: साबणानंतर आठ तांबे, की बाहेर. दुसऱ्या दिवसापासून आंघोळ बारा मिनिटांवर आली. एवढी सोपी उत्तरं नेहमी सापडत नाहीत. पण सापडतात, आणि ती ओरडण्याने सापडत नाहीत.

मग एका वेळी दोनच कामं निवडा, फार तर तीन. निवडताना विचारा: हे रोज लागतं का? त्याला स्वतःला हवंय का? ते आलं तर दुसऱ्या कुणाचा हात सुटेल का? 'चारचौघांत बरं दिसावं' हे कारण यादीत धरू नका. डोळ्यांत बघून बोल, हात हलवू नकोस, एका जागी स्थिर बस, यावर आम्ही तीन वर्षं घालवली. ती वाया गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायला लागलं की त्याचं ऐकणंच बंद होतं, असं पुष्कळ स्वमग्न माणसं स्वतः सांगतात. दिवसभर 'सगळ्यांसारखं' दिसण्याचा प्रयत्न माणसाला पिळून काढतो. ती शक्ती भात शिजवायला आणि बस पकडायला उरू द्या.

दुसरी पायरी: काम फोडा, आणि तोंड मिटा

'कुकर लाव' हे आपल्याला एक काम वाटतं. आमच्या ओट्यावर चिकटवलेलं कार्ड असं आहे:

१. स्टीलच्या वाटीने एक वाटी तांदूळ कुकरच्या डब्यात घे.
२. तीनदा धू. पाणी पूर्ण नितळ झालं नाही तरी तीनलाच थांब.
३. डब्यात दोन वाट्या पाणी, अर्धा छोटा चमचा मीठ.
४. कुकरच्या तळाला दोन पेले पाणी. डबा आत ठेव.
५. झाकणाची रिंग नीट बसली का बघ. झाकण लाव, शिट्टी बसव.
६. गॅस मोठा. तीन शिट्ट्या झाल्या की बंद. रेग्युलेटरही बंद.
७. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर. तोवर कुकरला हात नाही.
८. चिमट्याने शिट्टी किंचित उचल. वाफेचा आवाज आला तर आणखी पाच मिनिटं. आला नाही तरच झाकण काढ.

'चवीपुरतं', 'अंदाजाने', 'जरा वेळ' हे शब्द कार्डावर येऊ देऊ नका. आपल्या स्वयंपाकाची सगळी भाषा अंदाजाची असते, त्यामुळे हे लिहिताना माझीच परीक्षा झाली.

शिकवताना शेवटून सुरुवात करा. पहिले काही दिवस सगळं तुम्ही करा आणि झाकण काढून भात वाढणं तेवढं त्याच्याकडे द्या. मग शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. काम पूर्ण झाल्याचा आनंद रोज त्याला मिळतो, अर्ध्यात सोडल्याची बोच राहत नाही.

आणि बोलू नका. ही गोष्ट मला सगळ्यांत जड गेली. "आता पाणी घाल, आता झाकण," असं रोज म्हणत राहिलं की आईचा आवाज हीच पहिली पायरी होऊन बसते, आणि आई घरी नसली की भात होत नाही. अडला तर कार्डावरच्या ओळीवर बोट ठेवा. पुढे बोटही नको, फक्त तिथे उभ्या राहा. त्यानंतर स्वयंपाकघरातून बाहेर या.

शिट्टीच्या आवाजाला तो घाबरून बाहेर पळायचा. कान झाकणारे हेडफोन लावून दारातून शिट्ट्या मोजायच्या, असं ठरलं. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी सरळ विजेचा राइस कुकर घ्यावा. भात झाल्याशी मतलब.

घरी जमलं की तेच काम दुसऱ्या घरी करून घ्या. आजीकडे खानापूरला लायटरऐवजी काडेपेटी आणि वाटी पितळेची, एवढ्याने आमची गाडी पुन्हा पहिल्या पायरीवर आली होती. हे धरूनच चाला. तीन वेगळ्या चुलींवर जमलं की मगच 'येतं' म्हणायचं.

तिसरी पायरी: उंबऱ्याबाहेर, म्हणजे बसमध्ये

आपल्या भागात बसप्रवास शिकवणं हे आणखी एका कारणाने वेगळं आहे. घरात मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, बाजारात हिंदी, कॉलेजात इंग्रजी. मराठी माध्यमातल्या मुलांनाही शाळेत कन्नड असतं, अक्षरं वाचता येतात. पण मध्यवर्ती बसस्थानकावर धुरळा उडवत आलेल्या बसची पाटी तीन सेकंदांत वाचून पळत सुटणं वेगळं.

आम्ही उद्यमबागची बस धरायचं ठरवलं, कारण पुढे कॉलेज तिथेच होतं. पहिले दोन रविवार सकाळी सातला, गर्दी नसताना, नुसते स्थानकावर जाऊन बसलो. पंधरा मिनिटं, मग परत. त्याने पाट्यांचे फोटो काढले आणि घरी वाचले. नंतरचे दोन रविवार बरोबर प्रवास, तिकीट मी काढलं. मग तिकीट त्याने काढायचं, मी दोन सीट मागे, अनोळखी असल्यासारखी. मग तो बसमध्ये आणि त्याचे बाबा स्कूटरवर मागून. एकटा गेला तेव्हा चौथा महिना लागला होता. घाई केली नाही याचा मला आनंद आहे.

कंडक्टरचं बोलणं आधी घरी घोटून घ्या. "यल्लिगे?" म्हणजे कुठे जायचंय. उत्तर: थांब्याचं नाव आणि "ओंद", म्हणजे एक. "चिल्लर कोडी" म्हणजे सुटे द्या. त्यासाठी सुट्या पैशांची वेगळी छोटी पिशवी. "मुंद होग्री" म्हणजे पुढे सरका. हे ओरडून म्हटलं तरी तो रागावलेला नसतो, बसमध्ये आवाज मोठाच लागतो. ही शेवटची ओळ लिहिली नव्हती, तोवर प्रत्येक प्रवासानंतर तो विचारायचा की माझं काय चुकलं.

कुठे उतरायचं ते खिडकीबाहेरच्या खुणांवर बांधा. आमची खूण: तिसरं रेल्वे गेट मागे पडलं की उठून दाराकडे.

बस आलीच नाही तर? बिघडल्यावर काय करायचं हे शिकवलं नाही, तर आधीची सगळी मेहनत एका दिवसात उलटते. कोथिंबीर संपली होती तसंच ते. वीस मिनिटं वाट, मग बाबांना फोन. फोन बंद पडला तर ठरलेल्या औषधाच्या दुकानात जाऊन नंबर लिहिलेली चिठ्ठी द्यायची. रिक्षाचे पैसे पाकिटाच्या आतल्या कप्प्यात, त्यांना एरवी हात नाही.

सीमाभागात बस बंद पडायला पावसाशिवायही कारणं असतात. एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास तणाव असतो, अचानक बंद पुकारला जातो, आणि सीमावाद चिघळला की महाराष्ट्र-कर्नाटक बससेवाच थांबते. २०२२ च्या डिसेंबरात तेच झालं. ठरलेल्यात बदल झाला की ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याला आदल्या रात्री सांगितलेलं फार उपयोगी पडतं. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने 'बदल होऊ शकतो' असं लिहिलेलं असतं. 'बदल होणार' नव्हे, 'होऊ शकतो'. हा फरक त्याने स्वतः सुचवला.

बोलण्यातलं न बोललेलं

"जेवण झालं काय?" असं शेजारच्या काकूंनी विचारलं की हा ताटातले सगळे पदार्थ सांगायचा. त्यात त्याचं काय चुकलं? प्रश्न तोच होता. आपली मराठी अशा बोलण्याने भरलेली आहे. निघताना 'जातो' नाही, 'येतो' म्हणायचं. 'पाच मिनिटांत आलो' म्हणजे पाच मिनिटं नव्हेत. 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा नाही. 'बसा की, चहा घेऊन जावा' याला पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, आणि समोरचा पुन्हा म्हणणार हे धरायचं असतं.

यासाठीही वही: शब्द काय, अर्थ काय, आपण काय म्हणायचं. रोज एक ओळ. शब्द त्यानेच पकडून आणायचा, अर्थ दोघांनी मिळून शोधायचा. आमच्या वहीत शंभरावर ओळी झाल्या, आणि मला माझीच भाषा नव्याने दिसली. उत्तरं छोटी ठेवा. "झालं काकू, तुमचं?" एवढ्याने काकूही खूश.

भाषेवरून आपल्याकडे पटकन पारा चढतो, हे स्पष्ट लिहायला हवं. सपाट आवाजात, दुसरीकडे बघत, 'मला कन्नड नीट येत नाही' असं म्हटलं तर समोरच्याला तो उर्मटपणा वाटू शकतो. लेकाला दोन नियम दिलेत. ज्या भाषेत विचारलं त्या भाषेत जमेल तेवढं बोलायचं. कोणती भाषा बोलावी यावर कुणाशीही वाद घालायचा नाही, आपलं म्हणणं बरोबर असलं तरी. शिवाय खिशात एक कार्ड, कन्नड, मराठी आणि इंग्रजीत: 'मला ऑटिझम आहे. उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागतो. कृपया हळू आणि नेमकं बोला.' खाली बाबांचा नंबर. कार्ड दाखवायचं की नाही, हे ठरवणारा तोच.

२०१२ मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. स्वमग्न माणसाला इतर कळत नाहीत, तसंच इतरांनाही तो कळत नाही. मग शिकण्याचा भार त्याच्या एकट्यावर का? मी गल्लीत, किराणा दुकानात, कॉलेजात दोनच गोष्टी सांगते: नेमकं सांगा, आणि विचारल्यावर दहा सेकंद थांबा. दुकानदार अण्णांनी हे इतकं मनावर घेतलं की ते आता सगळ्यांशीच तसं बोलतात.

मैत्रीबद्दल घाबरवू नका, पण नियम द्या. तुझ्याकडून पैसे, नोट्स, कामं घेतो आणि एरवी फोन करत नाही, तो ओळखीचा, मित्र नव्हे. कुणी दोनशे रुपयांवर मागितले तर 'उद्या सांगतो' म्हणायचं आणि घरी बोलायचं. ओटीपी बँकवाल्यालाही नाही. फसवणूक झालीच तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक, आणि लगेच. लाजेने लपवलेले दोन तास महागात पडतात, म्हणून घरी आल्यावर रागवायचं नाही हे आधी कबूल करा.

शरीर, आणि मुलींबद्दल थोडं

भूक, तहान, लघवीची भावना काही स्वमग्न माणसांना उशिरा कळते. 'भूक लागली की खा' हा सल्ला तिथे चालत नाही, घड्याळ चालतं. पाण्याला गजर, जेवणाला गजर. दाढी, नखं, चादर बदलणं यांचे वार ठरवा. टोचणारे कपडे घालायचा हट्ट सोडा. लग्नकार्यातही सुती कुर्ता चालतो.

मुलींचं निदान अनेकदा उशिरा होतं. आपल्या घरांत मुलीला लहानपणापासून पाहुण्यांना पाणी द्यायला, गोड बोलायला लावतात. ती बघून बघून नक्कल शिकते आणि 'शहाणी, शांत' ठरते. पाहुणे गेल्यावर खोलीत बसून थरथरते, ते कुणी पाहत नाही. मुलीला नवं कौशल्य शिकवण्याआधी विचारा, की आत्ता जे करतेस त्यातलं काय करताना जीव जातो. मासिक पाळीचं वेळापत्रक, पॅड किती तासांनी बदलायचं, हे तिलाही कुकरसारखंच आकड्यांत लिहून द्या.

मिरवणुकीच्या दिवशी

गणपती विसर्जनाची मिरवणूक आपल्याकडे दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, शिवजयंतीच्या चित्ररथांचीही रात्र जागते. डॉल्बीच्या भिंतीसमोर त्याला उभं करून 'सवय होईल' म्हणू नका. आवाजाचा त्रास हट्टाने जात नाही. आम्ही संध्याकाळी लवकर, कान झाकून, अर्धा तास जातो. मागे फिरायची गल्ली आधी ठरलेली असते, आणि त्याने माझा हात दोनदा दाबला की निघायचं, एकही प्रश्न न विचारता. तोल सुटलाच तर बोलणं थांबवा, लोकांना बाजूला करा, शांत जागा द्या. समजावणं दुसऱ्या दिवशी.

कागदपत्रं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त असेल तर शिक्षणातलं आणि सरकारी नोकरीतलं आरक्षण लागू होतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, देशभर चालतं, त्यामुळे बेळगावात काढलेलं कोल्हापुरातही ग्राह्य. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. मानसिक तपासणीसाठी धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था दीड-दोन तासांवर आहे. मनावर ताण फार आला तर टेली-मानस ही सरकारी फोनसेवा, १४४१६, मोफत. अर्ज तुम्ही भरू नका. त्याला भरू द्या, तुम्ही शेजारी बसा. हेस्कॉमच्या, म्हणजे विजेच्या, बिलावरचे कन्नड शब्दही एकदा एकत्र बसून लावून घ्या: रक्कम कुठली, शेवटची तारीख कुठली.

तीन रात्री

पुरेसं जमलं असं वाटलं की त्याला तीन रात्री एकटं राहू द्या. आम्ही दोघं गडहिंग्लजला माझ्या माहेरी गेलो, म्हणजे दीड तासात परत येता येईल एवढंच लांब. शेजारी सांगून ठेवलं, पण त्यांनी दार वाजवायचं नाही असं ठरलं. रात्री नऊला त्याचा एकच मेसेज: 'झालं'. साडेनऊपर्यंत आला नाही तर आम्ही फोन करणार. संकट आलं तर ११२. आम्ही आपणहून फोन करणार नाही, हे पाळणं त्याच्यापेक्षा आम्हाला कठीण गेलं.

परत आल्यावर आधी स्वयंपाकघर बघू नका, वही बघा. आमच्या वहीत दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात लिहिलं होतं: 'दूध नासलं. काय करायचं ते कार्डावर नाही. काळा चहा केला.' ते कार्ड आम्ही त्याच दुपारी लिहायला बसलो. पहिली ओळ त्याने लिहिली.